घाटमाथ्यावरचे पितळकाम

जुन्नरच्या आसमंतातील डोंगरांत कोरलेल्या दोनशेच्या वर लेण्यांपैकी काहींच्या भिंतींवर जे ब्राह्मी लेख आहेत, त्यांत राजेरजवाड्यांपेक्षा व्यापारी आणि कारागीर यांचीच नावे अधिक आढळतात, ही गोष्ट या प्रांताच्या स्वभावाची ओळख पटवून देणारी आहे. धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने येथे लेणे खोदवून दिले आणि त्याजवळ पाण्याचे टाके दान केले. दुसऱ्या एका लेखात वेळूकाम करणाऱ्यांच्या आणि कांस्यकारांच्या श्रेणींकडे पैशाची ठेव ठेवल्याचा उल्लेख आहे. म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी या गावात पितळ-काशाचे काम करणाऱ्यांची अशी संघटना होती, की जिच्याकडे लोकांनी विश्वासाने द्रव्य सोपवावे. त्या कांस्यकारांपासून आजच्या नारायणगाव-मंचरच्या लेथवाल्या मिस्त्रीपर्यंत एक अखंड परंपरा ओढून ताणून दाखवावी, असा माझा मुळीच मानस नाही. तशी दोरी ताणली की ती तुटतेच. परंतु ज्या वाटेने माल जातो त्या वाटेवर धातू घडविणारा हात आपोआप येऊन वसतो, एवढे मात्र या लेखावरून निःसंशय दिसते, आणि प्रस्तुत विषयाला तेवढे पुरेसे आहे.

ती वाट म्हणजे नाणेघाट. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून निघालेला माल सह्याद्रीची भिंत चढून याच घाटाने जुन्नरात येई आणि पुढे पैठणकडे जाई. घाटाच्या माथ्यावरील गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा प्रसिद्ध लेख आहे, आणि बाहेर जो दगडी रांजण आहे तो जकातीचे नाणे टाकण्यासाठी होता, अशी लोकपरंपरा आहे. निजामशाहीचा उदय याच जुन्नरात झाला. मोगल अमदानीत आणि पुढे पेशवाईतही हा मुलूख महसुलाच्या व दळणवळणाच्या दृष्टीने महत्त्वाचा राहिला. येथला हातकागद नावाजलेला होता. मात्र १८६३ साली बोरघाटातून आणि त्यानंतर दोनच वर्षांनी थळघाटातून आगगाडी वर चढली, तेव्हा या दोन घाटांच्या मध्ये असलेला नाणेघाट व्यापाराच्या नकाशावरून पुसला गेला. बैलांचे तांडे थांबले. जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांच्या वाट्याला रेल्वेचा एकही रूळ आला नाही. आणि त्यामुळेच, जे काही न्यायचे-आणायचे ते रस्त्यानेच, हा या प्रदेशाचा कायमचा नियम होऊन बसला. विसाव्या शतकात या भागात मोटार-कारागिरीची जी वाढ झाली, तिचे मूळ कारण मला या रुळांच्या अभावात दिसते.

डिझेल इंजिन या तालुक्यांत प्रथम आले ते मात्र रस्त्यावर नव्हे, विहिरीवर. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९७ साली ऑग्सबुर्ग येथे आपले इंजिन यशस्वीपणे चालवून दाखविले, तेव्हा ते एवढे अवजड होते की ते गाडीवर बसविणे शक्य नव्हते. आपल्याकडे साताऱ्याच्या कूपर कारखान्याने तिसाच्या दशकातच देशी बनावटीचे डिझेल इंजिन बाजारात आणले होते, आणि १९४६ साली पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. घोड, मीना आणि कुकडी यांच्या काठच्या मळ्यांतून मोटेची जागा या इंजिनांनी घेतली. त्याच काळी पेट्रोलवर सुरू होऊन रॉकेलवर चालणारी लहान इंजिनेही शेतकऱ्यांच्या परिचयाची झाली. त्यांना दोन टाक्या असत आणि त्या दोहोंच्या मध्ये एक तिवाटी कॉक असे, जो फिरविला की इंजिन पेट्रोल सोडून रॉकेल पिऊ लागे. इंधनाचा मार्ग बदलणारा, तो अडविणारा आणि मोकळा करणारा हा पितळी कॉक गावच्या कारागिराने प्रथम हाती घेतला, तो येथे. कॉक गळू लागला, त्याचा खुंट झिजला, की पुण्याला नवा आणण्यासाठी खेप घालण्यापेक्षा तो जुन्यावरून नवा करून घेणे सोयीचे पडे. कारण पाणी द्यायचा दिवस टळला तर पीक थांबत नाही.

ट्रकच्या इतिहासाला वेगळेच वळण मिळाले, आणि ते दुसऱ्या महायुद्धाने दिले. युद्धकाळात पेट्रोल दुर्मिळ झाले तेव्हा मोटारींच्या मागे कोळशाच्या भट्ट्या बसवून त्यांच्या गॅसवर गाड्या चालविण्याची वेळ आली होती, हे जुन्या पिढीच्या स्मरणात दीर्घकाळ होते. युद्ध संपल्यावर लष्कराने मोडीत काढलेले ट्रक लिलावात निघाले आणि ‘डिस्पोजलच्या गाड्या’ या नावाने मुलखभर पसरले. शेव्हरोले, फोर्ड यांसारख्या या गाड्या मजबूत होत्या, पण त्यांचे पेट्रोल इंजिन मालवाहतुकीच्या हिशेबात बसणारे नव्हते. तेव्हा त्यांतील मूळ इंजिन उतरवून त्याजागी पर्किन्सचे पी-६ हे सहा सिलिंडरांचे डिझेल इंजिन चढविण्याची चाल सर्वत्र पडली. पन्नाशीच्या दशकात मद्रासच्या सिंप्सन कंपनीने पर्किन्स इंजिने येथेच बनविण्यास आरंभ केला. १९५४ साली टेल्कोने डाइम्लर-बेंझशी करार केला आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात जमशेदपुराहून पहिला टाटा-मर्सिडीज ट्रक बाहेर पडला. मद्रासकडून लेलँड आले, मुंबईच्या प्रीमियर कारखान्यातून डॉज-फार्गो आले. म्हणजे एकाच पुणे-नाशिक रस्त्यावर, एकाच वेळी, अमेरिकन सांगाड्यात इंग्रज इंजिन असलेले, शुद्ध जर्मन घराण्याचे आणि शुद्ध इंग्रज घराण्याचे असे तीन जातींचे ट्रक धावत होते.

याचा परिणाम काय झाला, हे नीट समजून घेतले पाहिजे. कारण घरगुती व्हॉल्व्हचा जन्म येथे आहे. इंग्रज नळीजोडाचे आटे व्हिटवर्थच्या मापाचे, अमेरिकन जोडाचे त्यांच्या निराळ्या मापाचे आणि जर्मन जोडाचे मिलिमीटरचे. टाकी फोर्डची, फिल्टर पर्किन्सचा आणि मध्ये बसवायचा कॉक कोणाचा, असा प्रश्न पडला की त्याचे उत्तर कोणत्याही कंपनीच्या सूचिपत्रात सापडत नसे. एका टोकाला एक आटा आणि दुसऱ्या टोकाला दुसरा आटा असलेली वस्तू जगातला कोणताही कारखाना करीत नव्हता. शिवाय १९५७-५८ च्या सुमारास परकीय चलनाची टंचाई झाल्यावर आयातीचे परवाने आवळले गेले, आणि सुटे भाग आणविणे हे तालुक्याच्या गावातील गाडीमालकाच्या आवाक्याबाहेरचे झाले. बंगळूरला १९५१ साली स्थापन झालेल्या मायको कंपनीने बॉशच्या परवान्याने फ्युएल पंप बनविण्यास सुरुवात केली होती खरी, आणि पुढे नाशिकलाही तिचा नोझलांचा कारखाना झाला. तथापि पंप, नोझल हे मुख्य अवयव झाले. टाकीपासून पंपापर्यंतचा जो मार्ग, त्यावरचे कॉक, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह, बँजो, युनियन, या किरकोळ मानल्या गेलेल्या वस्तूंचा वाली कोणीच नव्हता. ते वालीपण रस्त्याकाठच्या लेथने पत्करले.

पुण्यापासून मंचर साठ किलोमीटरांच्या आसपास आणि नारायणगाव पंचाहत्तरच्या. पुण्याहून भल्या पहाटे निघालेली गाडी खेडचा घाट चढून येथे येईतो तिची नाडी पुरती कळून चुके. पुढे चंदनापुरीचा घाट आहे, आणि आळेफाट्यावरून कल्याणकडे वळले तर माळशेज. तेव्हा जे दुखणे असेल ते येथेच बरे करून पुढे जावे, ही चालकांची वहिवाट पडली आणि बाजारपेठेच्या कडेने पत्र्याच्या शेडांतून लेथ, ड्रिल, भाता आणि व्हाइस यांची दुकाने उभी राहिली. कांद्याची, बटाट्याची, पुढे टोमॅटोची रास मुंबईच्या बाजाराला ठरल्या वेळी पोचवायची असे. नाशवंत माल भरलेली गाडी उभी राहिली तर मालकाचे भाडे आणि शेतकऱ्याचा माल दोन्ही बुडत. मिस्त्रीच्या कामाला जी निकड होती ती या मालामुळे.

अशा शेडमधील नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह कसा तयार होई, ते सविस्तर सांगण्यासारखे आहे. प्रथम त्याची गरज पाहू. ट्रकची टाकी सांगाड्याला खाली बांधलेली असते आणि पंप इंजिनाच्या कुशीत वर असतो. फीड पंप डिझेल वर ओढतो. या फीड पंपात स्वतःचे दोन लहान व्हॉल्व्ह असतात, आणि ते झिजले म्हणजे रात्री गाडी उभी राहिल्यावर नळीतले डिझेल हळूहळू परत टाकीत उतरते व त्याची जागा हवा घेते. सकाळी चालक स्टार्टर मारतो, इंजिन फिरते, पण पेटत नाही, बॅटरी बसते. मग फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारीत बसावे लागते, प्रथम फेस येतो, मग बुडबुडे, आणि शेवटी निव्वळ धार आली की स्क्रू आवळायचा. यालाच ‘एअर काढणे’ म्हणतात, आणि थंडीच्या पहाटे ओतूर-जुन्नरकडच्या हवेत हे काम करणाऱ्या क्लिनरची बोटे डिझेलने बधिर होत. नळीच्या मार्गात एकच असा दरवाजा बसविला, की जो वर जाणाऱ्या डिझेलला वाट देईल व उतरणाऱ्याला देणार नाही, तर हा सगळा व्याप वाचतो.

तत्त्व नवे नव्हते. घरोघरीच्या वातीविना स्टोव्हमध्ये पंपाच्या बुडाशी असलेला बारीकसा व्हॉल्व्ह हेच काम हवेच्या बाबतीत करतो, आणि कित्येक मिस्त्रींनी उमेदवारीच्या काळात स्टोव्ह दुरुस्त केलेले असल्यामुळे स्प्रिंग, बैठक व तोटी यांचे नाते त्यांच्या हाताला ठाऊक होते. मात्र स्टोव्हच्या व्हॉल्व्हात जो रबराचा किंवा बुचाचा ठिपका चालतो तो येथे चालत नाही. साधे रबर डिझेलमध्ये फुगते आणि वाट बुजवून टाकते. म्हणून धातूवर धातू बसवावा लागतो. त्यासाठी मिस्त्री गनमेटलचा किंवा पितळेचा गज घेई, लेथच्या चकमध्ये धरून आरपार भोक पाडी, मग अर्ध्या लांबीपर्यंत ते भोक मोठे करी, म्हणजे आत एक पायरी उरे. त्या पायरीची कड तिरपी कापली की बैठक तयार. छर्रा नव्याने घडविण्याची आवश्यकता नसे. मोडीतल्या बेअरिंगमधला पोलादी छर्रा जगातल्या कोणत्याही लेथपेक्षा अधिक गोल असतो. हा छर्रा बैठकीवर ठेवून, त्यावर पितळी दांडा टेकवून, हातोडीचा एकच नेमका ठोका देत. मऊ पितळेत पोलादाचा ठसा उमटे आणि जी गोल रेघ पडे ती कोणत्याही हत्याराने कापलेल्या रेघेपेक्षा बिनचूक असे. ठोका हलका पडला तर ठसा अपुरा, जोराचा पडला तर बैठक चेपून रुंद होते आणि मग कचरा अडकू लागतो. ज्या छर्ऱ्याने ठसा घेतला तो छर्रा बाजूला ठेवून आत दुसरा, अव्यंग छर्रा टाकायचा, ही सावधगिरी चांगले मिस्त्री पाळीत. मग वरून हलकी स्प्रिंग, एवढी हलकी की फीड पंपाच्या ओढीला छर्रा उचलता यावा; स्प्रिंग जड झाली तर घाट चढताना, जेव्हा इंजिनाला सर्वांत जास्त डिझेल हवे, नेमके तेव्हाच ते कमी पडते. शेवटी दोन्ही तोंडांना दोन निरनिराळे आटे, एक टाकीच्या घराण्याचा, एक इंजिनाच्या.

तिवाटी किंवा साधा कॉक याहून अवघड. त्यात निमुळता खुंट निमुळत्या घरात बसतो, आणि दोहोंचा उतार केसाइतकाही निराळा असून चालत नाही. तोंडी हिशेबाने माप जुळविण्याऐवजी जुने मिस्त्री एक युक्ती करीत, जिची मला फार मातब्बरी वाटते: लेथची वरची स्लाइड एका कोनाला आवळून खुंट कापायचा, आणि तो कोन न हलविता त्याच बैठकीत पोलादाचे एक निमुळते हत्यार कापून, ते अर्धे घासून, पाणी देऊन कडक करायचे व त्याने घर कोरायचे. कोन किती अंशाचा आहे हे कोणी विचारीत नसे. दोन्हीकडे तो एकच आहे, याचीच शाश्वती पुरे. नंतर तेलात कालविलेली काजळी खुंटाला चोळून तो घरात फिरवीत, काळे डाग कोठे उमटले ते पाहात, आणि बारीक ग्राइंडिंग पेस्टने घासत घासत सर्व अंगाने काळिमा सारखा उमटेपर्यंत थांबत नसत. परीक्षा रॉकेलने होई. रॉकेल डिझेलहून पातळ. जो कॉक रॉकेल धरून ठेवतो तो डिझेल धरतोच. कॉक बंद करून, एका तोंडाला नळी लावून, ती रॉकेलच्या डब्याला उंचावर जोडून तो रात्रभर तसाच ठेवीत आणि सकाळी खालचा कागद कोरडा असेल तरच गिऱ्हाईकाच्या हवाली करीत. मंचरच्या एका जुन्या दुकानात मी असा कॉक हातात घेऊन पाहिला आहे: मूठ बोटांच्या घामाने आणि तेलाने काळवंडलेली, खुंटाच्या डोक्यावर वाट कोणत्या बाजूला उघडी आहे ते दाखविणारी एक छिन्नीने पाडलेली खूण, आणि आतून काढल्यावर पितळ सोन्यासारखे लखलखीत. अंधारात, बॅटरीवाचून, बोट फिरवून कळावे म्हणून ती खूण खोल पाडलेली होती.

या कामाला काही निषेधही होते, आणि ते अनुभवाने घडलेले होते. जस्त चढविलेला पत्रा डिझेलच्या टाकीला वापरीत नसत. जस्ताशी डिझेलचा संबंध दीर्घकाळ राहिला की चिकट गाळ साठतो आणि फिल्टर बुजतात. तांब्याचा वॉशर एकदा आवळला की कडक होतो व पुन्हा बसत नाही. म्हणून तो लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकायचा, म्हणजे तो पुन्हा मऊ होतो. लोखंडाला पाणी दिले की ते कडक होते आणि तांबे मऊ, हा भेद नव्या पोराला दुकानात पहिल्या आठवड्यात शिकवीत. टाकीला भोक पडले तर अंगाचा साबण चोळून वेळ मारून नेता येते, कारण साबण डिझेलात विरत नाही. पण साबणावर भरवसा ठेवून माळशेज उतरू नये.

तथापि या सर्व कौशल्याची खरी थोरवी मला ज्या ठिकाणी दिसते, ते ठिकाण म्हणजे मिस्त्रीने आखलेली सीमा. इंजेक्शन पंपापर्यंतचा मार्ग त्याचा; तेथे दाब एक-दोन किलोच्या आत-बाहेर असतो, आणि तेवढा दाब हाताने घासलेली बैठक सहज पेलते. त्यापुढे इंजेक्शन पंप. त्यातील प्लंजर आणि त्याचे घर यांच्यात जी फट असते ती मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत, दोन-तीन भागांत मोजावी लागते. नोझल उघडण्यास दर चौरस सेंटिमीटरला शंभर-सव्वाशेपासून दोनशे किलोंच्या घरातला दाब लागतो. पंपाच्या डोक्यावरचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह दिसायला छर्ऱ्याच्या व्हॉल्व्हचाच थोरला भाऊ, पण त्याच्या दांड्यावर एक बारीक कंगोरा असतो. व्हॉल्व्ह बैठकीवर परतताना तो कंगोरा नळीतले किंचित डिझेल मागे ओढून घेतो, नळीतला दाब एकाएकी पडतो, आणि नोझल झटक्यात मिटते. तो कंगोरा अंशमात्र झिजला की नोझल ठिबकू लागते, धूर काळा होतो, पिस्टनचे डोके जळते. हा व्हॉल्व्ह घरी करून पाहण्याचा मोह ज्यांना झाला त्यांची इंजिने त्यांना लवकरच शहाणपण शिकवून गेली. जाणता मिस्त्री पंपाची सीलबंद पेटी उघडतच नसे. ती कापडात गुंडाळून एसटीने पुण्याला टेस्ट बेंचवाल्याकडे पाठवी आणि गिऱ्हाईकाला दोन दिवस थांबावयास सांगे. बॉशने १९२७ साली असे पंप कारखान्यात मोठ्या संख्येने बनविण्यास आरंभ केला, त्याआधी सबंध युरोपातल्या अभियंत्यांना डिझेल इंजिन सर्रास गाडीवर आणता येत नव्हते ते बहुतांशी याच अवयवाच्या अभावी, हे लक्षात घेतले म्हणजे शेडमधल्या माणसाने येथे हात आवरला यात त्याच्या विद्येची उणीव नसून तिची परिपक्वता होती, हे पटेल. आपल्याकडे ‘जुगाड’ म्हणून ज्याचे अलीकडे सरसकट कौतुक होते, त्यात आणि या कामात हाच भेद आहे. आपला हात कोठे थांबला पाहिजे हे जुगाड करणाऱ्याला माहीत नसते.

रस्त्यावर मात्र सीमा ओलांडण्याचे प्रसंग येत. माळशेजमध्ये फीड पंप पार बसला तर डिझेलचा डबा केबिनच्या टपावर दोरीने बांधायचा, त्याला कॉक लावून नळी थेट पंपाच्या तोंडाशी आणायची, आणि केवळ उंचीच्या जोरावर गाडी आळेफाट्यापर्यंत आणायची, हा उपाय त्या काळातील बहुतेक चालकांना येत होता. यासाठीच पुष्कळ गाड्यांच्या हत्यारपेटीत घरगुती कॉक आणि हातभर नळी पडलेली असे. याहून भयंकर प्रसंग म्हणजे पंपाचा रॅक अडकून इंजिन स्वतःहून पळू लागण्याचा. स्टॉपची केबल ओढली तरी ते थांबत नाही, आवाज वाढत जातो, आणि क्लच दाबला तर तो आणखी वाढतो. कॉक बंद केला तरी फिल्टरात आणि पंपात साठलेले डिझेल संपेपर्यंत इंजिन चालतच राहते. तेवढ्या अवधीत ते फुटू शकते. म्हणून अनुभवी मनुष्य कॉक बंद करण्यास क्लिनरला पिटाळी आणि स्वतः बोनेट उघडून हवेच्या तोंडावर गोणपाट किंवा फळी दाबून धरी. हवा कोंडली की डिझेल कितीही असो, ज्वाला विझते.

नारायणगावच्या बाबतीत एका वेगळ्या गिऱ्हाईकाचा उल्लेख केलाच पाहिजे. तमाशाचे माहेरघर म्हणून या गावाची ख्याती. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचे नाव महाराष्ट्रात कोणाला सांगावयास नको. पाडव्याच्या सुमारास येथे फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे यात्रा कमिटीचे लोक सुपारी द्यायला येतात, आणि ठरलेल्या तारखांना प्रत्येक फड आपला तंबू, पेट्या, वाद्ये, माणसे घेऊन ट्रकने निघतो. आज या गावी, उद्या त्या गावी, रात्री खेळ आणि दिवसा प्रवास, असा जत्रांचा हंगाम असतो. त्यात एक गाडी थांबली तर यात्रेची रात्र बुडते आणि पुढच्या तारखांची माळ तुटते. फडमालकाला नवा ट्रक परवडण्याचे दिवस थोडे, म्हणून जुनी गाडी राखणे ही त्याची गरज. शिवाय दिव्यांसाठी जनरेटर असतो, आणि त्याचे डिझेल इंजिन ट्रकइतकेच नाजूक वागणूक मागते. जनरेटर कधी गाडीत उंचावर, कधी खाली शेतात ठेवावा लागे, टाकी कधी वर तर कधी खाली. अशा इंजिनाला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह नसेल तर ऐन गवळणीच्या वेळी ते हवा घेई आणि रंगमंच अंधारात बुडे. हंगामाच्या आधी नारायणगावच्या शेडांतून या गाड्यांची व जनरेटरांची जी तपासणी होई, तीत कॉक घासणे आणि वॉशर तापविणे हे काम ठरलेले असे. लोककलेचा इतिहास लिहिणाऱ्यांनी वग आणि लावण्या जपल्या हे फार उत्तम झाले. परंतु पुढच्या गावी पडदा वेळेवर उघडण्यात या तेलकट हातांचा जो वाटा होता, तोही त्या इतिहासात यावयास हवा, असे मला मनापासून वाटते.

हे मिस्त्री होते कोण? लोहाराच्या भात्यावरून, सुताराच्या कामावरून, तांबट-कासारांच्या दुकानांतून, तसेच मुंबईच्या गिरण्या व गोद्या आणि खडकीचे लष्करी कारखाने यांतून हात शिकून आलेल्यांतून हा वर्ग मिसळून तयार झाला. बलुतेदारीच्या चौकटीत त्याला जागा नव्हती. लोहाराला खळ्यावर सुगीचे धान्य मिळे, पण ट्रक कोणत्याही गावचा रयत नसतो. त्याच्याकडून रोख घ्यावे लागे, आणि ओळखीच्या गाडीमालकाची उधारी वहीत मांडावी लागे. गुणवत्तेची सनद कोणी देत नव्हते. ज्याने केलेला कॉक नाशिकपर्यंत गळला नाही, त्याचे नाव चालकाने पुढच्या ढाब्यावर सांगितले, एवढीच काय ती त्याची प्रसिद्धी. सरकारी दफ्तरात या कामाची नोंद शोधू जाल तर ती मिळणार नाही: वाहनाची नोंद आहे, परवान्याची आहे, कराची आहे; त्या वाहनाच्या पोटातील जो तुकडा आळेफाट्याला बनला, त्याची नाही.

सूत आणि इंच यांची मापे याच लोकांच्या हयातीत बदलली. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक पद्धती येऊ घातली आणि १९५८ पासून ती टप्प्याटप्प्याने अमलात आली. टाटाच्या जर्मन मापांमुळे मिलिमीटर लेथवर त्याआधीच येऊन बसला होता. पुष्कळ दुकानांत व्यास मिलिमीटरमध्ये आणि पत्र्याची रुंदी सुतात सांगण्याची मिश्र रीत दीर्घकाळ टिकली. मिस्त्रीला त्यात काही विसंगती वाटत नसे; ज्या गाडीचे जे घराणे, त्या गाडीशी त्या भाषेत बोलायचे.

कॉमन रेल पद्धतीने या कामावर पडदा पाडण्यास सुरुवात केली. या पद्धतीत डिझेल एका बंद नळकांड्यात हजार-दीड हजार आणि त्याहूनही अधिक वातावरणांच्या दाबाखाली सतत कोंडून ठेवलेले असते, आणि नोझल कधी, किती वेळ उघडायचे हे संगणक ठरवितो. १ एप्रिल २०१७ पासून देशभर भारत स्टेज-४ आणि १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ ही प्रदूषणाची मानके लागू झाली, आणि तेव्हापासून रस्त्यावर येणाऱ्या नव्या ट्रकच्या इंधनमार्गात बाहेरचा पितळी तुकडा बसविणे म्हणजे संगणकाला आजारी पाडणे झाले. कमी दाबाच्या बाजूलाही आता प्लास्टिकच्या झटपट जोडण्या आहेत, सेन्सर आहेत, पाणी वेगळे करणारे फिल्टर आहेत. धूर कमी झाला, हे निःसंशय हितकर आहे. पण नवी गाडी बंद पडली की तिचा चालक आता पत्र्याच्या शेडकडे वळत नाही. तो फोन लावतो आणि कंपनीच्या गाडीची वाट पाहतो.

शेडांतील काम मात्र अद्याप अगदीच संपलेले नाही. दोन्ही तालुक्यांतील जुने ट्रॅक्टर, विहिरीवरची इंजिने, फडांचे जनरेटर आणि साखर कारखान्यांकडे ऊस वाहणाऱ्या जुन्या गाड्या यांच्या नळ्यांना अजूनही साधे कॉक आणि छर्ऱ्याचे व्हॉल्व्ह लागतात. वॉशरांचे आयते पाकीट आता बाजारात थोडक्या पैशात मिळते. तरीही हाताशी असलेला जुना वॉशर तारेत ओवून, गॅसच्या ज्वाळेवर लाल करून पाण्याच्या डब्यात टाकणारे मिस्त्री नारायणगावात अजून आहेत, कारण नव्या वॉशराची जाडी जुन्या बँजोला पुष्कळदा जुळत नाही आणि ट्रॅक्टरवाला दुपारपर्यंत शेतात परतायचा असतो.